कवळी तुटली नाही, म्हणजे ती चांगलीच आहे असे नव्हे

‘एकदा कवळी बसवली की जन्माची काळजी मिटली’ हा समज घरोघरी ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. काही दातांच्या जागी बसवलेली, काढता-घालता येणारी अर्धवट कवळी साधारणपणे 5 ते 10 वर्षे चालते. अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, कवळी त्याआधीही बदलावी लागू शकते, तर कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या सांगाड्याची कवळी नीट निगा राखल्यास अधिक टिकते.

याचे कारण कवळीत कमी आणि तोंडात जास्त आहे. दात काढल्यावर त्या जागेचे जबड्याचे हाड हळूहळू झिजते, हिरडी खाली बसते, आणि कवळी मात्र माप घेतले त्या दिवसाच्याच आकाराची राहते. मग शेंगदाण्याचा कण खाली अडकून टोचू लागतो, भाकरी चावताना कवळी एका बाजूने उचलते, आणि तिचे ओझे तारेच्या आकड्याने धरलेल्या धडधाकट दातावर पडून तोही हलू लागतो. हे नुकसान बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मला सर्वांत जास्त चिंता त्याचीच वाटते.

सैल झालेली प्रत्येक कवळी टाकूनच द्यावी लागते असेही नाही, कारण आतून नवे अस्तर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते. मात्र तडा गेला असेल, आकडा वारंवार तुटत असेल किंवा आधाराचा दातच पडला असेल, तर नवीन करण्याविषयी दंतवैद्याशी बोलावे. आकडा पक्कडीने घरी वाकवू नये. उकळत्या पाण्याने अ‍ॅक्रिलिकचा आकार बिघडतो, म्हणून रात्री कवळी काढून साध्या पाण्यातच ठेवावी, आणि त्रास नसला तरी वर्षातून एकदा ती तपासून घ्यावी.