थेट लाल कार्डाविरुद्ध इंग्लिश एफएकडे दाद: कोणाला मागता येते, काय जोडावं लागतं, कुठे फसतं

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सामन्यात धोकादायक टॅकल (समोरच्याकडून चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न) किंवा मारहाणीसाठी थेट लाल कार्ड मिळालं की तीन सामन्यांची बंदी आपोआप लागू होते. त्यासाठी वेगळी सुनावणी होत नाही. त्याच हंगामात आधी लाल कार्ड मिळालेलं असेल तर त्यात एका सामन्याची भर पडते. ही बंदी टाळायची असेल तर ‘चुकीने बाहेर काढलं’ असा दावा फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे एफएकडे, करावा लागतो. हा दावा क्लबमार्फत जातो.

आधी आपलं प्रकरण दाव्यात बसतं का ते पाहा. चेंडूसाठी झुंजताना अवाजवी ताकद वापरली किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर तो ‘गंभीर फाउल’. चेंडूचा संबंध नसताना हात, डोकं, कोपर चालवलं तर ‘हिंसक वर्तन’. दोन्हींविरुद्ध दाद मागता येते. दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर गेलेल्या खेळाडूला मात्र ही वाट बंद आहे. रेफरीने भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवलं असेल, तर त्यासाठी ओळख चुकल्याचा वेगळा दावा असतो. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणाऱ्या पंचाने, तपासून कायम केलेल्या लाल कार्डालाही आव्हान देता येतं. अनेक चाहत्यांना हे ठाऊक नसतं.

मुदत फार तोकडी असते. दावा करणार असल्याची सूचना सामन्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी दुपारी एकपर्यंत द्यावी लागते, म्हणजे शनिवारच्या सामन्यासाठी सोमवारी. पाठोपाठ लेखी दावा, पुरावे आणि शुल्क. म्हणून रविवारीच सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण गोळा करून ठेवलेलं बरं.

जोडायचं काय, तर क्लबचं लेखी निवेदन, खेळाडूचा जबाब आणि व्हिडिओ. व्हिडिओ खऱ्या वेगातही द्या, संथ गतीतही द्या. केवळ संथ चित्रण दिलं तर ताकदीचा अंदाज येत नाही, आणि गंभीर फाउलमध्ये सगळा वाद ताकदीचाच असतो. स्थिरचित्र द्यायचं तर नेमका स्पर्शाचा क्षण निवडा: बुटाचे स्टड समोर आहेत का, पाय जमिनीपासून किती वर आहे, गुडघा ताठ आहे की वाकलेला, संपर्क घोट्याला झाला की नडगीला. निवेदनातला प्रत्येक मुद्दा चित्रणातल्या एकेका क्षणाशी जोडलेला असावा.

बहुतेक दावे बारगळतात ते कसोटी न समजल्यामुळे. निर्णय देणारा स्वतंत्र नियामक आयोग रेफरीच्या जागी बसून नव्याने निवाडा करत नाही. रेफरीची चूक उघड आणि ढळढळीत होती का, एवढंच तो पाहतो. ‘पिवळं कार्डही चाललं असतं’ हे सिद्ध केलंत तरी दावा हरलात. ‘खेळाडूचा हेतू वाईट नव्हता’ यानेही फारसं काही साधत नाही, कारण गंभीर फाउलच्या व्याख्येत हेतूची अटच नाही.

29 सप्टेंबर 2024 रोजी टॉटनहॅमविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसला जेम्स मॅडिसनवरच्या टॅकलसाठी लाल कार्ड मिळालं. पाय घसरला आणि स्टड लागले नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. दोनच दिवसांत बंदी रद्द झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये न्यूकॅसलच्या फाबियान शेअरने साउदॅम्प्टनच्या बेन ब्रेरेटन डियाझच्या डोक्याला डोकं भिडवलं होतं. त्याच्या लाल कार्डाविरुद्धचा दावा फेटाळला गेला आणि तीन सामने बाहेर बसावं लागलं. दावा जिंकला तरी सुटते ती बंदी. दहा खेळाडूंनी खेळलेल्या सामन्याचा निकाल तसाच राहतो.

दुसरा मार्ग असा की लाल कार्ड मान्य करायचं, पण शिक्षा स्पष्टपणे जास्त आहे असं म्हणायचं. त्यासाठी परिस्थिती खरोखर अपवादात्मक असावी लागते, त्यामुळे यश क्वचितच मिळतं. उगाच, निराधार दावा केला तर शिक्षा वाढूही शकते. जानेवारी 2010 मध्ये हल सिटीच्या क्रेग फेगनला मारल्याचा आरोप मँचेस्टर युनायटेडच्या रिओ फर्डिनंडने नाकारला, आणि तीन सामन्यांबरोबर चौथाही पदरात पडला.

शिक्षेला आव्हान देण्याचं शस्त्र एफएकडेही आहे, ती कमी आहे असं म्हणण्यासाठी, आणि ते असायलाच हवं. 1 मार्च 2025 रोजी एफए कपमध्ये मिलवॉलचा गोलरक्षक लियाम रॉबर्ट्स चेंडू मारायला पुढे धावला आणि त्याचा बूट क्रिस्टल पॅलेसच्या जाँ-फिलिप मटेटाच्या डोक्यावर बसला. कानाला 25 टाके पडले. व्हीएआर तपासणीनंतर लाल कार्ड निघालं, पण नेहमीचे तीन सामने स्पष्टपणे अपुरे आहेत असा दावा एफएने केला. आयोगाने आणखी तीन वाढवून बंदी सहा सामन्यांची केली. खेळाडूचं डोकं पणाला लागलं असताना रेफरीने कार्ड दाखवलं म्हणजे प्रकरण मिटलं असं मानता येत नाही.

बंदी कायम राहिली की मोजणी नीट करा. थेट लाल कार्डाची बंदी देशांतर्गत सर्व स्पर्धांना लागू होते. लीगमध्ये मिळालेल्या कार्डाचा सामना कपमध्ये भरून निघतो, कपमधल्याचा लीगमध्ये. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांचा हिशेब वेगळा असतो. पॅलेसकडून हरून मिलवॉल कपमधून बाहेर पडला होता, त्यामुळे रॉबर्ट्सची बंदी चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगच्या, सामन्यांत पुरी झाली.