आवाज येतो, पण शब्द कळत नाही
व्यापाऱ्याने फोनवर कापसाचा भाव 'सात हजार' सांगावा आणि पलीकडच्या शेतकऱ्याने तो 'आठ हजार' ऐकावा, असे वरचेवर होऊ लागले, तर दर वेळी दोष नेटवर्कचाच असतो असे नाही. वयोमानाने किंवा गोंगाटाने श्रवणशक्ती घटू लागते, तेव्हा सुरुवातीला बोलणे कानावर पडते, पण शब्द स्पष्ट होत नाहीत.

आंतरकर्णातील शंखाकृती कर्णावर्तात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यांपैकी प्रवेशापाशी असलेल्या, उच्च वारंवारतेचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वरांची ऊर्जा खालच्या वारंवारतेत असल्यामुळे ते ऐकू येतात, मात्र 'स', 'श', 'फ' यांसारखी क्षीण व्यंजने निसटतात. घरातल्या पुरुषांचे बोलणे समजते, पण सुनेचे किंवा नातवाचे समजत नाही, यामागेही बरेचदा हेच कारण असते. 'आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते' हा घरोघरचा टोमणा म्हणूनच अन्यायाचा आहे.

लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचे बोलणे न कळणे, घडोघडी 'काय म्हनस?' विचारणे, टीव्हीचा आवाज इतरांना सोसवेनासा होणे आणि कानात शिटी वाजत राहणे ही लक्षणे सहसा घरच्यांच्याच आधी लक्षात येतात. गंमत अशी की, हीच व्यक्ती कोणी मोठ्याने बोलले की 'ओरडतोस कशाला?' म्हणते, कारण बिघडलेल्या कानाला हळू आवाज पोहोचत नाही आणि मोठा मात्र एकदम असह्य होतो.

खान्देशात जिनिंग आणि डाळमिलमधील कामगारांनी विशेष सावध राहावे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली, तर ८८ डेसिबलला ती चार तासांवर येते. पाळी सुटल्यावर कान भरल्यासारखे वाटणे हा पहिला इशारा होय.

कमी ऐकू येण्याचे कारण नुसता मळही असू शकतो. तेव्हा कानात लसणाचे गरम तेल ओतण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे, कारण अशा वेळी उपचाराला उशीर झाल्यास श्रवण परत येण्याची शक्यता घटते. एरवी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी, पुरते: गोंगाटाने झालेली हानी आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खाच दाखवते आणि ही खाच पुष्कळदा रुग्णाला स्वतःला काही जाणवण्यापूर्वीच उमटलेली असते.