फरशीखालची तिजोरी आणि पाण्याचा गैरसमज

‘तिजोरी जमिनीत पुरली की चोर, आग, पाणी, कशाचीच भीती नाही.’ चोराचं बऱ्याच अंशी खरं. आगीचंही, कारण उष्णता वर चढते. पाण्याचं मात्र साफ चूक. तिजोरीचं दार सहसा जलरोधक नसतं. आग विझवताना मारलेलं पाणीही शेवटी त्याच खड्ड्यात उतरतं. नाशिकच्या सराफ बाजारात गोदेचा पूर शिरतो तेव्हा काय होईल, हे वेगळं सांगायला नको. तिथे भिंतीतली, उंचावरची तिजोरीच बरी.

बसवायचीच तर तळमजल्यावर, मोरी आणि पाइपांपासून लांब. वरच्या मजल्याचा स्लॅब जेमतेम 5-6 इंच, तिथे नाद सोडा. खड्डा तिजोरीपेक्षा चारही बाजूंनी आणि खाली किमान 4 इंच मोठा हवा. काळी माती असेल तर ती पूर्ण काढून मुरूम ठोकून भरा, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि काँक्रीट तडकतं. त्यावर जाड प्लास्टिक, मग 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट.

खरी गडबड ओतताना होते. ओलं काँक्रीट रिकामी पेटी वर उचलतं, बाजू आत दाबतं आणि दार अडकतं. म्हणून आत लाकडी टेकू, वर वजन, दाराच्या फटीला टेप. कुलूप आधीच चारदा चालवून बघा. काठ फरशीपेक्षा किंचित वर ठेवा, म्हणजे पुसायचं पाणी आत जाणार नाही. सात दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं.

कागदपत्रं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. ओलीत इलेक्ट्रॉनिक कुलूप दगा देतं, चावीचंच घ्या.