सफाईवाला मासा आणि त्याचा तोतया

सांगलीत कृष्णेच्या मरळ-वांबींवर वाढलेल्या माणसाला प्रवाळातला मासा भेटतो तो बहुधा खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत, आणि तिथे निळसर अंगावर तोंडापासून शेपटीकडे रुंदावत गेलेला काळा पट्टा दिसला की हा ‘क्लीनर रास’च, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात प्रशांत महासागराच्या प्रवाळांवर हाच पट्टा दोन मासे मिरवतात. लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा खरा सफाईवाला आणि ॲस्पिडॉन्टस टेनिएटस हा त्याचा तोतया. दोघांची लांबी साधारण 10 सेंटिमीटर, पण कुळे अगदी वेगळी.

ओळख पट्ट्यावरून नव्हे, तोंडावरून पटते. सफाईवाल्याचे तोंड मुस्कटाच्या टोकाशी असते. तोतयाचे खालच्या बाजूला दडलेले असते आणि त्याच्या खालच्या जबड्यात मोठे सुळे असतात. शिवाय तोतया बिळात शेपटीकडून शिरतो आणि डोके तेवढे बाहेर ठेवतो.

सफाईवाला ठरलेल्या जागी राहतो. मोठे मासे तिथे येऊन जबडा आणि कल्ले उघडून स्थिर राहतात आणि तो आत शिरून परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळच्या अभ्यासात एका माशाचे हे खाणे दिवसाला सुमारे 1200 परजीवी इतके भरले. वरखाली हेलकावे घेत पोहण्याची त्याची ढब तोतयाही उचलतो आणि विश्वासाने थांबलेल्या माशाच्या पराचा लचका तोडतो.

येथवर एक प्रामाणिक आणि एक लबाड अशी सोपी विभागणी होते, पण ती मला पटत नाही. कृष्णाकाठच्या म्हशीच्या पाठीवरचा कावळा गोचीड टिपता टिपता जखमही टोचतो, तसेच सफाईवाल्याचे आहे: त्याला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. तो चोरून चावला की गिऱ्हाईक दचकून निघून जाते किंवा त्याचा पाठलाग करते, आणि जोडीने सफाई चालू असताना मादी चावली तर नरच तिच्या मागे लागतो. उलट तोतयाच्या पोटात पुष्कळदा नळीत राहणाऱ्या कृमींचे तुकडे आणि इतर माशांची अंडी सापडतात. परांचे लचके तोडण्याची खोड लहान वयात जास्त असते.

घरच्या टाकीत तोतया नको हे उघडच आहे, पण मोजक्या माशांच्या टाकीत परजीवी पुरत नसल्यामुळे खरा सफाईवालाही बहुधा उपाशी राहून खंगतो.