धुराने हिवताप हटत नाही

पाऊस उघडला की सोलापूर जिल्ह्यात गावोगावी ग्रामपंचायतीकडे एकच मागणी असते: धुराचं मशीन फिरवा. हिवतापापुरतं बोलायचं तर हे समाधान फसवं आहे. धूर त्या घडीला उडणारे डास मारतो आणि विरून जातो. हिवताप पसरवणारी ॲनोफिलिस मादी तेव्हा बहुधा गोठ्यात किंवा घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर बसलेली असते. ती वाढतेही गटारात नाही. गटारातला डास बहुतेक क्युलेक्स, हिवताप न पसरवणारा. ॲनोफिलिसला लागतं स्वच्छ, संथ पाणी: उजनीच्या कालव्याचा पाझर, वापरात नसलेली विहीर, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेला उघडा हौद.

खरी गंमत डासाच्या वयात आहे. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर मादी लगेच रोग देऊ शकत नाही. तिच्या पोटात हिवतापाच्या परजीवीचे (रोगजंतूचे) नर-मादी अंश एकत्र येतात, जठराच्या भिंतीत गाठी धरतात, गाठी फुटून हजारो बीजाणू लाळग्रंथीत पोचतात. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला दिसल्या त्या याच गाठी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत या सगळ्याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे तेवढं जगलेली म्हातारी मादीच धोक्याची! आता हिशेब करा. रोज उरलेल्यांतल्या शेकडा १० माद्या मरत असतील तर दहा दिवसांनी शंभरातल्या ३५ उरतात. रोज शेकडा ३० मरू लागल्या, तर उरतात जेमतेम ३. मृत्यूचं प्रमाण तिप्पट झालं आणि धोका बारा पटींनी उतरला, कारण तोच गुणाकार दहा वेळा होतो.

म्हणून भिंतीवरची फवारणी महत्त्वाची. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते, आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्ताला येते. प्रत्येक खेपेला औषध तिच्या पायांना लागतं. (काही औषधांना डास सरावलेत, त्यामुळे औषध बदलत राहावं लागतं.) पण नेमकं याच दिवसांत घट बसायच्या आधी आपण घर सारवतो, चुना मारतो आणि औषध त्याखाली गाडलं जातं. साफसफाई आधी उरका, फवारणी नंतर करून घ्या.

एक दिवसाआड हुडहुडी भरते ती बाहेरच्या बाधेने नव्हे. व्हायव्हॅक्स या जातीचा हिवतापाचा परजीवी दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतो. मधल्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि श्रेय मात्र गंड्याला मिळतं. त्यात रक्त तपासायचे दिवस वाया जातात.

व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. क्लोरोक्विनने ताप जातो, पण ते तिथेच राहतात आणि पुढे पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गरोदर बाईला ते देत नाहीत. ऊसतोडीची टोळी दहाव्या दिवशी पुढच्या फडावर गेली, तर उरलेल्या गोळ्या आणि त्यांचा हिशेब मुकादमाजवळ लिहून द्यायला हवा, म्हणजे तिथल्या आशाताईला कोर्स पुरा करून घेता येईल.