शंभर टक्के जीपीयू: हा आकडा नेमकं काय मोजतो?

लॅपटॉप अडकायला लागला की आपण टास्क मॅनेजर उघडतो. जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्या, रकान्यात ९८ किंवा १०० टक्के दिसतात आणि निदान तिथल्या तिथे होऊन जातं: ग्राफिक्स कार्ड गेलं. मग कुणी विंडोज नव्याने टाकतं, कुणी नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतं. यातला बराचसा खर्च आणि मनस्ताप टाळता येतो, कारण तो टक्का एकट्याने फारसं काही सांगतच नाही.

हा रकाना विंडोज १० मध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. ठरावीक काळापैकी किती वेळ ग्राफिक्स प्रोसेसर कामात होता, एवढंच तो मोजतो. रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट खिडकीसमोर सकाळपासून कुणी ना कुणी उभं असेल, तर खिडकी शंभर टक्के व्यस्त म्हणायची. आतला कर्मचारी मिनिटाला दहा तिकिटं देतोय की दोन, हे त्यावरून कळत नाही. जीपीयूचंही तसंच. रिकाम्या वेळी अनेक ग्राफिक्स कार्डं वीज वाचवायला आपला वेग दोन-तीनशे मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतात. तेव्हा पडद्यावरच्या प्रोग्रामच्या खिडक्या नुसत्या सरकवल्या तरी ३० टक्के दिसू शकतात. तेच काम पूर्ण वेगावर पाच टक्क्यांतही होईल. म्हणून ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ हा प्रोग्राम जीपीयू खातोय असं दिसलं तरी लगेच घाबरायचं कारण नाही. सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून पडद्यावर मांडणं हेच त्याचं काम आहे.

आणखी एक बारकावा आहे. जीपीयूच्या आत वेगवेगळ्या कामांचे वेगळे विभाग असतात: थ्रीडी चित्रं काढणारा, माहिती इकडून तिकडे हलवणारा, व्हिडिओ उलगडणारा (डीकोड), व्हिडिओ बांधणारा (एन्कोड). टास्क मॅनेजर यांची बेरीज दाखवत नाही. त्या क्षणी जो विभाग सर्वांत व्यस्त असेल, त्याचाच आकडा वर येतो. परफॉर्मन्सच्या पानावर या विभागांचे आलेख वेगवेगळे दिसतात. तपासाची सुरुवात तिथून करावी.

आता अडकण्याबद्दल. ६० हर्ट्झच्या पडद्याला सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. जीपीयूने चित्र १६ मिलिसेकंदांत तयार केलं, तर वापर ९६ टक्के दिसेल आणि खेळ लोण्यासारखा चालेल. त्याला साडेसतरा मिलिसेकंद लागले, तर ती वेळ चुकते. पडदा जुनंच चित्र आणखी एकदा दाखवतो आणि डोळ्यांना झटका जाणवतो. वापरात चार टक्क्यांचा फरक, अनुभवात जमीन-अस्मानाचा. उलटंही घडतं: मुख्य प्रोसेसर किंवा डिस्कच मागे पडली, तर जीपीयू वाट बघत बसतो. वापर ४० टक्के दिसतो, तरी चित्र अडकतंच. तेव्हा ग्राफिक्सची सेटिंग कितीही खाली आणली तरी काही हाती लागत नाही.

बहुतेक लॅपटॉपचं खरं दुखणं असतं उष्णता. त्यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. चिपमधली उष्णता बाहेर किती जाणार, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा, एखाद्या चिपची मर्यादा ९५ अंश आहे. जानेवारीत पुण्यातल्या २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७० अंशांचा असतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे दुपारी खोलीच ४२ अंशांवर गेली, तर तो ५३ वर येतो. म्हणजे त्याच पंख्याने, त्याच जाळीतून बाहेर जाणारी उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने घटते. मर्यादा ओलांडायची नसेल तर चिपला वेग उतरवावाच लागतो.

किती उतरवावा लागतो? चिपला लागणारी वीज ही वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेगासोबत व्होल्टेजही कमी करता येत असल्याने वेग दहा टक्क्यांनी उतरवला की वीज साधारण २७ टक्क्यांनी वाचते. म्हणजे त्या पाव हिश्शासाठी सुमारे नऊ टक्के वेग सोडावा लागतो. ऐकायला नऊ टक्के किरकोळ वाटतात. पण जानेवारीत १६ मिलिसेकंदांत होणारं चित्र आता साडेसतरा मिलिसेकंद घेतं, आणि १६.७ ची वेळ हुकते. लॅपटॉप तोच, खेळ तोच, बिघाड काहीच नाही, तरी मे महिन्यात खेळ अडकतो.

त्यात जाळीत धूळ साचलेली असेल, थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप, वाळली असेल किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून खालची हवेची वाट बुजवलेली असेल, तर तूट नऊ टक्क्यांवर थांबत नाही. म्हणून टक्क्याबरोबर तापमान आणि वेगही बघा. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान टास्क मॅनेजरमध्ये २०२० पासून दिसतं, वेग पाहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. वापर शंभर टक्के आणि वेग भरपूर, तर कार्ड प्रामाणिकपणे काम करतंय. वापर शंभर आणि वेग घसरलेला, तर उष्णता किंवा वीज कमी पडतेय. विजेचा संशय आला तर चार्जर बघा. गेमिंग लॅपटॉपला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला, तर बॅटरी कशीबशी भरेल, पण ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज मिळणार नाही.

सगळ्यांत स्वस्त आणि, माझ्या मते, सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे फ्रेमची, म्हणजे सेकंदाला काढायच्या चित्रांची, मर्यादा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर खेळ सेकंदाला ११० चित्रं काढत असेल, तर त्यातली ५० फुकट जातात आणि नुसती उष्णता होतात. खेळाच्या सेटिंगमध्ये मर्यादा ६० वर ठेवली की जीपीयूला प्रत्येक चित्रानंतर श्वास घ्यायला वेळ मिळतो. पंख्याचा आवाज उतरतो, झटकेही कमी होतात.

दोन ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये वेगळाच घोळ होतो. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ आणलं. त्यात साधी कामं प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स करतं, जड कामासाठी वेगळं कार्ड जागं होतं. ही निवड कधी कधी चुकते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स (बहुधा ‘जीपीयू ०’) घामाघूम आणि वेगळं कार्ड (बहुधा ‘जीपीयू १’) झोपलेलं दिसलं, तर सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या प्रोग्रामला जास्त ताकदीचं कार्ड नेमून द्या.

वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बघा. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती येऊ-जाऊ शकते. दोन पट्ट्या लावल्या की ही क्षमता दुप्पट होते. दुसरी जागा रिकामी असेल, तर तिथे पट्टी लावून मोठा फरक पडू शकतो.

फक्त व्हिडिओ अडकत असतील तर व्हिडिओ उलगडणाऱ्या विभागाचा आलेख बघा. तो शून्यावर आणि मुख्य प्रोसेसर वर गेलेला असेल, तर ते काम ग्राफिक्सकडे पोचतच नाही. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे असं काम ग्राफिक्सकडे सोपवणारी सेटिंग, बंद असेल, किंवा व्हिडिओ एव्ही१ या नव्या पद्धतीचा असेल. लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये त्याची सोय साधारण २०२० पासून यायला लागली.

एक शक्यता मात्र खरोखर काळजीची आहे. काहीच उघडलेलं नसताना जीपीयू पूर्ण वेगाने राबत असेल, तर कुणी चोरून आभासी चलन काढत असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने जीपीयूवरचं खाणकाम, म्हणजे चलन काढण्याची ही पद्धत, बंद केल्यावर त्यातला फायदा आटला, पण असे प्रोग्राम संपलेले नाहीत. त्यातले काही टास्क मॅनेजर उघडताच स्वतःला थांबवतात. पंखा घोंघावतोय आणि टास्क मॅनेजर उघडल्यावर तो शांत होतोय असं वारंवार घडत असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधला ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तपासणी नेहमीच्या विंडोजच्या बाहेर होते, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रामला सोंग घ्यायला वावच उरत नाही.