९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हे

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की एक समज हमखास फिरू लागतो: ‘९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी ९० गुण.’ दोन्ही शब्द कानाला सारखे, दोन्ही शंभराच्या मापातले; घोटाळा होणं साहजिकच.

टक्के तुमच्या उत्तरपत्रिकेबद्दल सांगतात, पर्सेंटाइल रांगेतल्या जागेबद्दल. समजा, २०० मुलं परीक्षेला बसली आणि पेपर अवघड निघाला. एका मुलीला १०० पैकी ५६ गुण पडले. तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळवणारी, तिला धरून, १८० मुलं होती. १८० भागिले २००, गुणिले १००: पर्सेंटाइल ९०, टक्के मात्र ५६. याच हिशेबाने पहिल्या आलेल्याला १०० पर्सेंटाइल मिळतं, मग त्याचे चार प्रश्न चुकलेले का असेनात!

पडताळायचं असेल तर एखाद्या मोठ्या वर्गाच्या चाचणीचे गुण उतरत्या क्रमाने लिहा आणि हाच भागाकार करून बघा. एक गंमत दिसेल. मधल्या गर्दीत दोन गुण वाढले तरी पर्सेंटाइल उडी मारतं. वरच्या टोकाला, जिथे मुलं विरळ असतात, तिथे पाच-सहा गुणांनीही ते जेमतेम हलतं. त्यामुळे ‘९८ चे ९९ करायला एकच गुण हवा होता’ हा हिशेबही चुकतो.